हाती नऊच निबंध आले, म्हणून शोध पुरा झाला का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात

कोल्हापुरात कम्युनिटी मेडिसिन या विषयात एम.डी. करणाऱ्या एका निवासी डॉक्टरांचे हे पत्र आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्यातला पेच येथे दिला आहे. उन्हात राबणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या मूत्रपिंडांवर होणारा परिणाम हा त्यांचा विषय. शिरोळ, हातकणंगले भागातल्या फडांवर जाऊन रक्ताचे आणि लघवीचे नमुने घ्यायचे ठरले होते, परंतु एथिक्स कमिटीची परवानगी हाती पडेपर्यंत गळीत हंगाम संपत आला आणि टोळ्या बीडकडे परतू लागल्या. तेव्हा मार्गदर्शक म्हणाले, “त्याऐवजी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करा, महिन्याभरात उरकेल.” म्हणजे पद्धतशीर आढावा: एका प्रश्नावरचे सगळे प्रसिद्ध अभ्यास ठरवलेल्या रीतीने शोधून, पारखून एकत्र मांडणे. डॉक्टरांनी पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय निबंधांच्या मोफत ऑनलाइन सूचीत, शब्द टाकले तर लाखोंनी नोंदी आल्या. धास्तावून त्यांनी ‘हीट स्ट्रेस’ हा शब्दप्रयोग जोडला, फक्त इंग्रजी, गेली दहा वर्षे आणि मोफत पूर्ण मजकूर अशा चाळण्या लावल्या, आणि शेवटी नऊ निबंध उरले. सर खूश झाले. मग एका वर्गमैत्रिणीने निकाराग्वातील ऊसतोड मजुरांवरचा, अगदी याच विषयाचा, एक निबंध समोर ठेवला, जो या नऊ निबंधांत नव्हता. त्या विचारतात: “माझा शोध चुकला आहे का? आमच्या कॉलेजात एम्बेस, स्कोपस हे पैसे भरून वापरायचे डेटाबेस नाहीत; मग हा रिव्ह्यू करण्याचा मला अधिकार तरी आहे का? आणि हे सगळे सरांना कोणत्या तोंडाने सांगू?”

उत्तर

डॉक्टर,

तुमचा शोध चुकला आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र ती चूक नऊ या आकड्यात नाही आणि एम्बेस नसण्यातही नाही. पडद्यावरचा आकडा मोठा आला की शोध बिघडला आणि लहान आला की सुधारला, असे तुम्ही आणि बहुधा तुमच्या सरांनीही गृहीत धरले, तिथे खरी गफलत आहे. स्क्रीनिंग चाचणीची सेन्सिटिव्हिटी म्हणजे काय, हे तुम्हाला मी शिकवायला नको. पद्धतशीर आढाव्याच्या शोधातही हीच संज्ञा याच अर्थाने वापरतात. विषयाशी संबंधित असलेले जितके अभ्यास जगात झाले आहेत, त्यांपैकी किती तुमच्या जाळ्यात आले, एवढेच तिथे मोजायचे असते. त्या जाळ्यात शंभरातले पंचाण्णव निबंध निरुपयोगी निघाले तरी ते या कामात नेहमीचेच आहे. ते शीर्षक आणि सारांश वाचून बाजूला काढता येतात. जो निबंध जाळ्यातच आला नाही, तो मात्र पुढच्या कोणत्याही टप्प्यावर परत येत नाही, आणि तो हुकला हे वाचणाऱ्याला कळतही नाही.

आता पहिल्या लाखोंच्या आकड्याकडे पाहू, कारण पुढची सगळी धावपळ त्याने घडवली. पत्रात तुम्ही मूळ सूत्र दिले आहे: ‘शुगरकेन अँड किडनी ऑर रीनल’. पबमेड असे सूत्र डावीकडून उजवीकडे वाचते. त्याने आधी ऊस आणि किडनी हे दोन्ही शब्द असलेल्या नोंदी गोळा केल्या आणि मग त्यांत जगभरातल्या ‘रीनल’ या शब्दाच्या सगळ्या नोंदी मिसळल्या, मग त्या प्रत्यारोपणाच्या असोत की उंदरांवरच्या प्रयोगांच्या. किडनी आणि रीनल हे दोन पर्यायी शब्द कंसात एकत्र ठेवून त्या कंसाला ऊस जोडला असता, तर आकडा एकदम आटोक्यात आला असता. ‘अँड’, ‘ऑर’ हे जोडशब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहावे लागतात हेही ध्यानात ठेवा. पबमेडच्या ‘अॅडव्हान्स्ड’ पानावर प्रत्येक शोधाशेजारी ‘डिटेल्स’ उघडता येते आणि आपण लिहिलेल्या सूत्राचा त्या यंत्राने काय अर्थ लावला, ते तिथे शब्दशः दिसते. ते पान न पाहता एकही चाळणी लावू नये, असे माझे मत आहे. तुम्ही लावलेल्या चार चाळण्या म्हणजे नसलेल्या आजारावर दिलेली औषधे आहेत, आणि त्यांचे दुष्परिणाम मात्र खरे आहेत.

त्यातला पहिला दुष्परिणाम म्हणजे वर्गमैत्रिणीने दाखवलेला तो निबंध. तुम्ही पत्रासोबत त्याचा सारांश पाठवला, हे फार बरे केलेत. त्यात ऊसतोड आहे, मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन आहे, हंगामापूर्वीच्या आणि हंगामानंतरच्या तपासण्या आहेत. ‘हीट स्ट्रेस’ हा जोडशब्द मात्र शीर्षकात नाही आणि सारांशातही नाही. उष्णतेची चर्चा मुख्य मजकुरात असणार, पण पबमेडचा शोध मुख्य मजकुरात शिरत नाही. तुमच्या प्रश्नात समूह, संपर्क आणि परिणाम असे तीन घटक आहेत: ऊसतोड मजूर, उष्णता आणि मूत्रपिंडाचा विकार. उपचारांच्या प्रश्नांसाठी पिको (रुग्णसमूह, उपचार, तुलना, परिणाम) नावाची जी चौकट शिकवतात, तिचेच हे रूप आहे. फक्त उपचाराच्या जागी संपर्क आहे. प्रश्न मांडताना हे सगळे घटक हवेत. शोधताना मात्र ते सगळे ‘अँड’ने जोडलेच पाहिजेत, असा नियम कुठेही नाही. लेखक सारांशात जो घटक हमखास लिहितात तोच जोडावा. ऊस आणि मूत्रपिंड हे दोन गट तुम्हाला पुरेसे आहेत. उष्णतेची पारख निबंध वाचताना तुमच्या डोळ्यांनी होऊ द्या. वाचायच्या नोंदी काही शेकड्यांनी वाढतील, पण तेवढे वाचन या कामात गृहीतच असते.

या दोन गटांत किती शब्द घालायचे, यावर मात्र मी तुम्हाला बराच वेळ खर्च करायला सांगणार आहे, कारण या विषयाची खरी अडचण इथेच आहे. या आजाराला एक नाव नाही. मध्य अमेरिकेत त्याला मेसोअमेरिकन नेफ्रोपथी म्हणतात. श्रीलंकेतले आणि आंध्र प्रदेशातले संशोधक बहुधा ‘अज्ञात कारणाचा दीर्घकालीन मूत्रपिंडविकार’ अशा अर्थाचे ‘सीकेडीयू’ हे संक्षिप्त रूप वापरतात. कारण ‘पारंपरिक नसलेले’ आहे असे मानणारे ‘सीकेडीएनटी’ लिहितात. शेतीवस्त्यांतला इंटरस्टिशियल नेफ्रायटिस म्हणून ‘सिनॅक’ असेही एक नाव प्रचारात आहे. आणि आंध्रातील उड्डाणम भागाच्या नावानेच ओळखला जाणारा विकारही याच कुळातला मानला जातो. यातले एक नाव धरून शोधले, तर जगाचा एक कोपराच दिसतो. उसाचेही तसेच आहे: इंग्रजीत तो एका शब्दात लिहितात, दोन शब्दांत लिहितात, कुठे नुसते ‘केन कटर’ म्हणतात, तर कुठे मजुराला ‘हार्वेस्टर’ म्हणतात. मूत्रपिंडाच्या बाजूला किडनी, रीनल, क्रिएटिनिन, ग्लोमेर्युलर फिल्ट्रेशन हे शब्द घ्या. ‘नेफ्रोपथ’ एवढाच धातू लिहून पुढे तारांकन द्या, म्हणजे त्याची एकवचनी, अनेकवचनी, सगळी रूपे येतील.

मुक्त शब्दांच्या जोडीला मेश हवेच. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची ही विषयसंज्ञांची सूची १९६० पासून चालू आहे आणि दरवर्षी सुधारली जाते. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, मेडलाइनमध्ये, म्हणजे पबमेडच्या मुख्य भागात, त्या निबंधाला ठरावीक संज्ञा जोडली जाते. उसासाठी तिथे ‘सॅकरम’ हे वनस्पतीचे शास्त्रीय नाव आहे, शेतमजुरांच्या आजारांसाठी स्वतंत्र संज्ञा आहे, आणि दीर्घकालीन मूत्रपिंड निकामी होण्याच्या संज्ञेखाली तिच्या पोटसंज्ञाही आपोआप शोधल्या जातात. नुसत्या मेशवर विसंबू नका, कारण पबमेडमधील सगळ्याच नोंदी मेडलाइनमध्ये नसतात आणि ज्या नसतात त्यांना मेश लागलेले नसते. शिवाय २०२२ पासून ही संज्ञा जोडण्याचे काम यंत्र करते, ते नेहमीच तुमच्या मनासारखे होईल असे नाही. म्हणून प्रत्येक गटात मेश आणि मुक्त शब्द दोन्ही ‘ऑर’ने जोडा, आणि मग दोन गट एकमेकांना ‘अँड’ने. ‘नॉट’ शक्यतो वापरूच नका. ‘मधुमेह नको’ म्हणून तुम्ही तो शब्द वगळलात, तर ‘या रुग्णांना मधुमेह नव्हता’ असे लिहिणारा, तुम्हाला हवा असलेला निबंधच नेमका गळून पडेल.

चाळण्यांबद्दल सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला वाचकांकडून वारंवार येतो. ‘गेल्या दहा वर्षांचे बघा’ हे वाक्य आपल्या कॉलेजांमध्ये इतक्या सहज उच्चारले जाते की त्यामागचे कारण कोणी विचारत नाही. एखादे औषध किंवा चाचणी २०१५ सालीच आली असेल, तर त्यापूर्वीचे शोधू नका, हे समजण्यासारखे आहे. तुमच्या विषयाला तसे काहीही कारण नाही. एल साल्वाडोरच्या एका मोठ्या रुग्णालयात शेवटच्या टप्प्याचा मूत्रपिंडविकार घेऊन येणाऱ्या अनेक रुग्णांमध्ये मधुमेह, रक्तदाब असे नेहमीचे कारणच सापडत नाही, हे दाखवणारा जो निबंध या आजाराच्या साहित्यात पायाभूत मानला जातो, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. तो पॅन अमेरिकन हेल्थ ऑर्गनायझेशनच्या नियतकालिकात आला आणि तो स्पॅनिशमध्ये आहे. म्हणजे तुमच्या दहा वर्षांच्या चाळणीने तो एकदा गाळला आणि इंग्रजीच्या चाळणीने दुसऱ्यांदा. ज्या आजाराचे घर मध्य अमेरिकेत आहे, त्याचा आढावा स्पॅनिश वगळून करणे मला पटत नाही. स्पॅनिश येत नाही ही अडचण खरी आहे, पण ती शोधाच्या टप्प्यावरची नाही. सारांश बहुधा इंग्रजीतही असतो, मूळ मजकुराचा यंत्रानुवाद आकडे आणि तक्ते समजण्यापुरता पुरतो, आणि एखाद्या निबंधाचे भाषेमुळे काहीच करता आले नाही तर ‘भाषेमुळे मूल्यमापन न झालेले’ असा वेगळा उल्लेख करता येतो. शोधातच दार लावून घेतले, तर असे किती निबंध होते हेसुद्धा तुम्हाला सांगता येणार नाही.

जुने साहित्य न पाहण्याची किंमत काय असू शकते, याचे एक उदाहरण वैद्यकीय ग्रंथपालांना पाठ असते. २००१ च्या जूनमध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या दम्याविषयीच्या एका प्रयोगात हेक्सामेथोनियम हे द्रव्य श्वासावाटे घेतलेल्या २४ वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेचा मृत्यू झाला. संशोधकाने सुरक्षिततेसाठी साहित्य शोधले होते, पण त्या वेळी पबमेडची पोहोच १९६६ पर्यंतच होती, आणि फुप्फुसांवरील दुष्परिणामांच्या नोंदी १९५० च्या दशकातील नियतकालिकांत होत्या. तुमच्या आढाव्यामुळे कोणाला औषध दिले जाणार नाही, हे खरे. पण उद्या साखर कारखान्याने फडावर सावली आणि पाण्याची सोय करावी की नाही, असा प्रश्न निघाला तर कोणीतरी तुमचाच आढावा उघडील.

मोफत पूर्ण मजकुराची चाळणी तर सरळ काढूनच टाका. निबंध फुकट मिळतो की नाही याचा त्याच्या दर्जाशी काही संबंध नाही. ‘ह्यूमन्स’ किंवा वयोगटाच्या तयार चाळण्यांनाही हात लावू नका. त्या मेशच्या आधारावर चालत असल्याने संज्ञा न लागलेल्या नोंदी त्या मुकाट्याने काढून टाकतात. स्त्री-पुरुष अशी चाळणीही नको. मध्य अमेरिकेतले बहुतेक अभ्यास पुरुषांवर आहेत, आपल्याकडे मात्र नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हा फरक तुमच्या चर्चेच्या प्रकरणात यायला हवा, तो शोधातच हरवता कामा नये. आणि ‘भारत’ हा शब्द जोडला तर जवळजवळ काहीच उरत नाही, असे तुम्ही खंतावून लिहिले आहे. तो जोडूच नका. भारतातले काम थोडे आहे हे तुमच्या आढाव्याचे एक उत्तर असू शकते, आणि ते उत्तर जगभर शोधल्यावरच देता येते.

शोधसूत्र तयार झाले की ते वापरण्याआधी तपासायचे कसे? इथे तुमची वर्गमैत्रीण तुमच्या कामी आली आहे, तिचे आभार माना. विषयावरचे नक्की बसणारे दहा-पंधरा निबंध आधीच गोळा करून ठेवा आणि तुमचे सूत्र ते सगळे पकडते का, ते पाहा. एखादा सुटला तर त्याची पबमेडमधील नोंद उघडून त्याचे शीर्षक, सारांश आणि मेश वाचा. कोणता शब्द राहिला ते बहुतेक वेळा लगेच दिसते. हे निबंध कुठून आणायचे, तर आधीच्या आढाव्यांतून. काम करताना सहन करावी लागणारी उष्णता आणि आरोग्य यांवर ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये २०१८ साली एक मोठा पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला आहे, उष्णतेत वरचेवर काम करणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्के लोकांमध्ये मूत्रपिंडाचा विकार किंवा तीव्र इजा आढळल्याचे त्यात नमूद आहे. त्यात समाविष्ट केलेल्या अभ्यासांच्या यादीतून तुमच्या विषयाचे निबंध वेचून घ्या. त्या निबंधांच्या संदर्भसूचीत मागे जा, आणि त्यांचा पुढे कोणी कोणी उल्लेख केला तेही पाहा; हे दुसरे काम गूगल स्कॉलरवर फुकट होते. असे आढावे आधीच झालेले असताना तुमचा कशात वेगळा आहे, हेही याच वेळी लिहून ठेवा. एपिस्टेमोनिकोस या मोफत संकेतस्थळावर झालेले आढावे सापडतात आणि इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाने २०११ मध्ये सुरू केलेल्या प्रॉस्पेरो या नोंदवहीत चालू असलेले.

एम्बेसविषयीची तुमची अपराधी भावना मला जरा अनाठायी वाटते. औषधांविषयीच्या प्रश्नाला एम्बेस नसणे ही मोठी उणीव ठरली असती, कारण औषधशास्त्र, युरोपीय नियतकालिके आणि परिषदांतील सारांश यांत त्याची ताकद आहे. तुमच्या प्रश्नाला मात्र पबमेडखालोखाल महत्त्वाचा डेटाबेस म्हणजे लिलाक्स. लॅटिन अमेरिकेतील आरोग्यविषयक साहित्याची ही सूची पूर्णपणे मोफत आहे आणि तिच्यात स्पॅनिश, पोर्तुगीज व इंग्रजी अशा तिन्ही भाषांतल्या संज्ञांनी शोधता येते. ‘कान्या दे आसूकार’ हे उसाचे स्पॅनिश नाव आणि ब्राझीलमधले पोर्तुगीज नाव, दोन्ही तिथे घालून पाहा. त्याच्या जोडीला लॅटिन अमेरिकेतील खुल्या नियतकालिकांचा सायएलो हा संग्रह, आणि जागतिक आरोग्य संघटनेचा ग्लोबल इंडेक्स मेडिकस, ज्यात आपल्या आग्नेय आशिया विभागाची सूचीही येते. स्कोपससाठी शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात चौकशी करून पाहा. तिथले ग्रंथपाल काय उपलब्ध आहे ते नेमके सांगू शकतील. हे सगळे करूनही एम्बेस मिळाले नाही, तर ‘उपलब्ध नसल्यामुळे शोधले नाही’ असे एक वाक्य मर्यादांमध्ये लिहा. परीक्षकांना ते खटकणार नाही. ‘सर्व प्रमुख डेटाबेस शोधले’ असे मोघम वाक्य मात्र जरूर खटकेल.

गूगल स्कॉलर हा मुख्य आधार होऊ शकत नाही. ते कोणत्याही शोधाचे पहिले हजार निकालच दाखवते, लांब सूत्र घेत नाही, आणि निकालांचा क्रम कशावर ठरतो ते उघड करत नाही. नियतकालिकांबाहेरचे अहवाल आणि प्रबंध हुडकण्यासाठी मात्र ते उपयोगी आहे. पहिले दोन-तीनशे निकाल पाहण्याचा प्रघात आहे, तेवढे पाहा आणि तसे लिहा. आपल्याकडचे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात सापडतात, पण तिथे मुख्यतः पीएच.डी.चे प्रबंध असतात, एम.डी.चे प्रबंध विभागांच्या कपाटांतच राहतात. ऊस पट्ट्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या कम्युनिटी मेडिसिन विभागांना चार ओळींचे ईमेल पाठवणे हाच त्यावर उपाय आहे.

ज्या वाचकांचा प्रश्न उपचारांचा आहे, त्यांनी एवढ्यावर थांबू नये. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधचाचण्यांची नोंदणी तिथे बंधनकारक आहे. नोंदलेली पण प्रसिद्ध न झालेली चाचणी तिथेच सापडते. अशा चाचण्या किती महत्त्वाच्या असतात? अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या नैराश्यावरील औषधांच्या ७४ चाचण्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. नियामकाने अनुकूल ठरवलेल्या ३८ चाचण्यांपैकी ३७ छापून आल्या होत्या, आणि उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नव्हत्या. फक्त छापील साहित्य शोधणाऱ्याला औषध प्रत्यक्षापेक्षा गुणकारी दिसणारच.

पूर्ण मजकूर मिळवण्याचे दुखणे पूर्वीइतके राहिलेले नाही. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. तुमचे महाविद्यालय त्यात बसते का, ते ग्रंथालयात विचारा. नसेल तर लेखकांना थेट लिहा. आपला निबंध कोणी मागितला याचा बहुतेक संशोधकांना आनंदच होतो.

नोंदींची शिस्त पहिल्या दिवसापासून ठेवा. कोणता डेटाबेस, कोणत्या तारखेला, कोणते सूत्र जसेच्या तसे, किती नोंदी: हे चार रकाने एका तक्त्यात भरत गेलात तरी पुढचे निम्मे काम होते. पबमेडचे सूत्र लिलाक्समध्ये तसेच्या तसे चालत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणचे वेगळे नोंदवावे लागते. शोध कसा कळवावा यासाठी २०२१ मध्ये प्रिझ्मा-एस ही १६ मुद्द्यांची सूची प्रसिद्ध झाली. ती छापून टेबलावर ठेवा. सगळ्या नोंदी झोटेरो या संदर्भ साठवण्याच्या मोफत साधनात उतरवा, दुबार नोंदी काढा, काढल्या किती ते लिहा, आणि मग निवडीसाठी रय्यानसारखे साधन घ्या, जिथे दोघांना एकमेकांचा निर्णय न पाहता स्वतंत्रपणे निवड करता येते. दुसरी व्यक्ती कोण, याचे उत्तर तुम्हाला मिळालेलेच आहे; तुमच्या वर्गमैत्रिणीला सहलेखिका करा.

चॅटबॉटला विचारून संदर्भ मिळवावेत का, असे तुम्ही ताजा कलम म्हणून विचारले आहे. समानार्थी शब्द सुचवायला त्याचा उपयोग करा, सूत्रातला कंस चुकला का हेही विचारा. निबंधांची यादी मात्र त्याच्याकडून घेऊ नका. अस्तित्वात नसलेले निबंध, खऱ्यासारखी नावे आणि वर्षे देऊन, ही साधने तयार करतात. शिवाय आज दिलेले उत्तर उद्या तसेच येईल याची खात्री नसल्याने तो शोध दुसऱ्या कोणाला करून पाहता येत नाही.

आता सरांचा प्रश्न. ‘महिन्याभरात उरकेल’ या समजुतीबद्दल त्यांना दोष देऊ नका. फडावर जावे लागत नाही म्हणून हे काम हलके, असे अनेकांना वाटते. प्रॉस्पेरोवर नोंदलेल्या आढाव्यांना पूर्ण होऊन प्रसिद्ध व्हायला सरासरी ६७.३ आठवडे लागतात, असे २०१७ मधल्या एका अभ्यासात आढळले आहे. हा आकडा सरांपुढे ठेवायला हरकत नाही, पण त्याने सुरुवात करू नका. तुम्ही ‘सर, आपले चुकले’ असे म्हणायला जाऊ नका आणि ‘माझे चुकले’ म्हणत रडवेल्या चेहऱ्यानेही जाऊ नका. तपासणीसाठी जमवलेल्या निबंधांची यादी घेऊन जा. जुन्या सूत्राने त्यांतले किती पकडले आणि नव्याने किती, हे दोन रकाने त्यांना दाखवा. संशोधनातल्या माणसाला पुढचे बोलावे लागत नाही. त्याच भेटीत शोधसूत्र ग्रंथपालांकडून किंवा दुसऱ्या विभागातल्या जाणकाराकडून तपासून घेण्याची परवानगीही मागा. या तपासणीसाठी ‘प्रेस’ नावाची मार्गदर्शिका आहे, ती २०१५ मध्ये अद्ययावत झाली. चाळण्या, कंस आणि स्पेलिंग यांपासून मेशपर्यंत काय काय पाहायचे ते तिच्यात दिले आहे. तुमचा राहून गेलेला कंस तिथेच ध्यानात आला असता.

सिनॉप्सिसची, म्हणजे प्रबंधाचा आराखडा सादर करण्याची, मुदत अगदीच जवळ आली असेल, तर एक दुसरा मार्गही सरांसमोर ठेवा. या विषयावर कुठे, कोणावर, कोणत्या पद्धतीने काम झाले आहे याचा नकाशा काढणारा स्कोपिंग रिव्ह्यू करता येईल. त्याचा शोध एवढाच कसून करावा लागतो, पण प्रत्येक अभ्यासाचा दर्जा जोखून आकडे एकत्र करण्याचा भाग त्यात सक्तीचा नसतो. प्रॉस्पेरो असे आढावे नोंदवून घेत नाही. आराखडा ओएसएफ या खुल्या संकेतस्थळावर तारखेसह ठेवता येतो. पूर्ण पद्धतशीर आढावाच करायचा ठरला, तर प्रॉस्पेरोची नोंदणी माहिती उतरवायला सुरुवात करण्यापूर्वी करा. माझा कल स्कोपिंगकडे आहे, कारण इतक्या विखुरलेल्या नावांच्या आजारात आधी नकाशाच हवा, आणि पुढच्या हंगामात तुमचा कोणी कनिष्ठ सहकारी एथिक्सची परवानगी वेळेवर घेऊन फडावर जाणार असेल, तर त्याला तोच सर्वांत उपयोगी पडेल.

शोध कधी थांबवायचा, असे तुम्ही विचारलेले नाही, पण विचाराल. नवा डेटाबेस उघडला, संदर्भसूच्या मागेपुढे चाळल्या, आणि समाविष्ट करण्याजोगा एकही नवा अभ्यास मिळेनासा झाला, की थांबायला हरकत नाही. त्यानंतर लेखनात महिने जातात आणि तोवर नवे निबंध येत राहतात, म्हणून पबमेडवर खाते उघडून सूत्र साठवून ठेवा, नव्या नोंदी ईमेलने येतील अशी सोय करा, आणि प्रबंध सादर करण्यापूर्वी सगळे शोध पुन्हा एकदा चालवा. पद्धतशीर आढावे करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमाप्रमाणे शेवटचा शोध प्रसिद्धीपूर्वीच्या बारा महिन्यांच्या आतला असावा लागतो. तुम्ही सहा महिन्यांची मर्यादा पाळलीत तर परीक्षकांना विचारायला जागा राहणार नाही.